बांधापलीकडचं पाणी

"इकडून तं बरोबर हाय सर. जरा तिकडून पाहू."

एवढं बोलून ते पहिल्या बाकावरून उठायचे, बाकांच्या मधून चालत वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी जायचे, पाठ भिंतीला टेकवायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्या डोळ्यानं फळ्याकडे बघायचे. फळ्यावर मी काढलेली आकृती असायची आणि फळ्यापुढे मी. आपल्यावर कोणीतरी नेम धरलाय असं मला दर वेळी वाटायचं. मग ते तसेच सावकाश परत यायचे, बाकावर बसायचे, माझंच वाक्य मोठ्यानं आपल्या बोलीत एकदा म्हणायचे आणि मग सांगायचे, "हं. आता चालू द्या सर."

हा विद्यार्थी एकसष्ट वर्षांचा होता. मी एकावन्नचा.

मी बिलोलीच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. मूळचा लातूरचा, घर नांदेडला, त्यामुळे रोज सकाळी बस आणि संध्याकाळी बस. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझा एक पेपर आहे, आंतरराष्ट्रीय राजकारणातील शांतता आणि संघर्ष. बावीस वर्षं तोच पेपर, त्याच टिपणवह्या आणि खरं सांगायचं तर विनोदही तेच. मुलं दर वर्षी नवी येतात, त्यामुळे चालून जातं.

ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. तीसेक वर्षं त्यांनी बिलोली, देगलूर, धर्माबादच्या शिवारांत साखळ्या ओढल्या, हद्दीचे दगड रोवले आणि भावाभावांच्या मधून रेघा काढल्या. नोकरीत असतानाच बाहेरून बी.ए. केलेलं होतं. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, हे आमच्या वर्गात येऊन बसले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. पिशवीत वही, पाण्याची बाटली आणि घडी घातलेला रुमाल.

पहिल्याच दिवशी मी जरा मजेनं विचारलं, "साहेब, या वयात काय शिकायचं राहिलं?"

ते उभे राहिले. "सर, मोजण्या लई केल्या. पण भांडणं मिटली न्हाईत. कामून मिटत न्हाईत, ते शिकायला आलो."

"ते इथं नाही मिळायचं. इथं देशांची भांडणं शिकवतात."

"देश बी शेजारीच असत्यात की सर," ते म्हणाले आणि बसले. वर्ग हसला. माझ्या वर्गात माझ्या विनोदाशिवाय वर्ग हसला, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच झालं.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी काही वाकडं लिहिलं तर तुम्ही ते बेतानं घ्याल. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेल. आपण पंधरा पुस्तकं वाचून जिथं पोचतो, तिथं तो आधीच मांडी घालून बसलेला असतो, आणि वर आपल्यासाठी जागा करून देतो.

सुरुवातीच्याच एका तासाला मी शांततेचे दोन प्रकार शिकवत होतो. नुसती लढाई नसणं, ही नकारात्मक शांतता. लढाईची कारणंच उरू न देणं, ही सकारात्मक शांतता. माझ्या टिपणात हे दोन पानांचं प्रकरण होतं आणि शेवटी युरोपातल्या दोन शेजारी देशांचं उदाहरण. उदाहरण संपलं आणि पहिल्या बाकावरचा हात वर झाला.

"सर, एक इचारू का? दोघा भावांत एक विहीर. सकाळची पाळी थोरल्याची, दुपारची धाकट्याची. अकरा वर्षं पाळी चुकली न्हाई अन् अकरा वर्षं एकमेकाशी शब्द न्हाई. एक मोटार चालू करायला आला की दुसरा बाभळीमागं जाऊन उभा राहायचा. भांडण एक दिवस झालं न्हाई. ही कोणती म्हणायची?"

"नकारात्मक," मी म्हणालो.

"हाव. पण सर, पाणी तं दोघाला बी मिळून राहिलं ना?"

वर्गात कुजबुज सुरू झाली. धर्माबादहून येणारी एक मुलगी होती, वडिलांचं मिरचीचं दुकान. माझी दोन पानं होईपर्यंत तिच्या पेनाचं टोपण निघालं नव्हतं. आता ते निघालं आणि ती भराभर लिहू लागली. मी चालत जाऊन वहीत डोकावलो. तिनं लिहिलं होतं, 'बाभळीमागची शांतता.' मिरच्या तिच्या वडिलांच्या दुकानात होत्या, झोंबल्या मात्र माझ्या नाकाला.

सहामाही परीक्षेत शांततेचे प्रकार विचारले, तर अर्ध्या वर्गानं तीन प्रकार लिहिले. नकारात्मक, सकारात्मक आणि बाभळीमागची. मी लाल शाईनं शेरा मारला, 'असा प्रकार ग्रंथात नाही.' सतरा उत्तरपत्रिकांवर सतरा वेळा तोच शेरा लिहिला. आम्ही लातूरची माणसं, गुणांच्या बाबतीत कोणाची गय करत नाही.

मग मी मोठी हत्यारं काढली. अण्वस्त्रं आणली, सत्तासंतुलन आणलं, धाकानं राखलेली शांतता आणली. म्हटलं, आता बघू बांधावरचा माणूस काय करतो ते. दोन्ही देशांकडे बॉम्ब असला की कोणीच आधी टाकत नाही, हे मी फळ्यावर दोन वर्तुळं काढून समजावलं. ते उठले, मागच्या भिंतीपाशी गेले, डोळा मिटून बघितलं, परत आले.

"बरोबर हाय सर. एका शिवारात असंच होतं. दोघांनी बी कुऱ्हाडी दाराशी टेकवून ठेवल्या होत्या, एकमेकाला दिसतील अशा. एक दिवस बी चालल्या न्हाईत."

"तेच तर मी सांगतोय," मी म्हणालो. मला बरं वाटलं.

"पण त्या बांधावरच्या बोरीला दोन्ही घरांची लेकरं जायची. ती जायची बंद केली. बोरं पिकून पिकून तिथंच सडून जायची. कुऱ्हाडीनं कोण मेलं न्हाई, पण सर, बोरं कोणाच्याच तोंडात गेली न्हाईत."

पुन्हा टोपणं निघाली.

एकदा विषय होता शांतिसेनेचा. दोन देशांच्या मधोमध निळ्या टोप्यांचे सैनिक का ठेवतात, ठेवल्यानं काय होतं. ते म्हणाले, "पोलीस बंदोबस्तात मी लई मोजण्या केल्या. पोलीस होते तवर दगड जागेवर. जीप वळली की दगडाला पाय फुटले." वर्ग खो खो हसला. हसू ओसरेपर्यंत ते थांबले आणि मग जरा हळू म्हणाले, "पण सर, दगड हलवणारा बी आधी चौफेर बघून घेतो. म्हणजे दगड खरा कुठं पाहिजे, ते त्याला ठाऊक असतंय."

कायदा मोडणाराही कायदा मनातून मान्य करत असतो, एवढं सांगायला एका परदेशी लेखकानं अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं आणि ते मी दोनदा वाचूनही मला नीट मांडता येत नव्हतं. पुढच्याच महिन्यात लातूरला एका चर्चासत्रात मी हेच दगडाचं वाक्य माझं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी दोघा प्राध्यापकांनी येऊन हात मिळवला. मी तो हात मिळवूनही घेतला.

मुलं त्यांना मामा म्हणायची. तास संपला की फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्याभोवती घोळका जमायचा. आमच्या प्राध्यापक कक्षाच्या खिडकीतून ती टपरी दिसते. मी चहा घेत तिथं उभा राहायचो, आणि मुलं वाकून वाकून काय ऐकतायत ते इथून कळत नाही म्हणून जीव खालीवर व्हायचा. त्यांची नजर चुकून खिडकीकडे गेली की ते हातातला कप सांभाळत उभे राहायचे. सर दिसले म्हणून. आजूबाजूची मुलंही मग नाइलाजानं उभी राहायची. माणूस खोटा असता, पुढेपुढे करणारा असता, तर मला किती सोपं गेलं असतं! पण त्यांच्या त्या उभं राहण्यात काहीच खोट नव्हती. तेच जास्त लागायचं.

मी त्यांना कधी मामा म्हणालो नाही. साहेब म्हणायचो, तेही जरा ओढून.

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. दुपारी बसस्टँडवर मी नांदेडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. ते आले, शेजारी रुमाल पसरला आणि त्यावर बसले. मग म्हणाले, "सर, वर्गात इचारता येईना अशी एक गोष्ट हाय."

ती गोष्ट अशी. मांजरा नदीच्या काठच्या एका गावात दोघा भावांचा बांधाचा वाद होता. धाकट्यानं मोजणीचा अर्ज केला. हे साखळी घेऊन गेले. आमच्याकडे रिवाज असा, की ज्यानं अर्ज केला त्यानं मोजणीदाराच्या जेवणाचं बघायचं. कोणी त्याला लाच समजत नाही. ऊन असतं, गाव लांब असतं, माणूस उपाशी कसा ठेवायचा? तर सकाळी मोजणी चालू असताना थोरला भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर आला. हे म्हणाले, मोजणी चालू असताना मी कोणाचं पाणी घेत नसतो. नियमानं वागायचं म्हणून म्हणाले. थोरल्यानं काही न बोलता तांब्या मागं घेतला. आणि दुपारी हे आंब्याखाली बसून धाकट्याच्या घरची भाकर जेवले. वरून ताकही घेतलं.

"ध्यानातच आलं न्हाई सर. तीस वर्षं असंच जेवत आलो होतो. हात धुताना वर पाहिलं तं थोरला बांधावर उभा. त्यानं तांब्यातलं पाणी तिथंच जमिनीवर वतलं अन् निघून गेला."

मोजणी बिनचूक होती. थोरल्याचा नांगर धाकट्याच्या रानात चार हात सरकलेला होता. दगड बसला आणि तोच, भावांच्या आईनं लावलेला आंबा धाकट्याच्या बाजूला गेला. मोजणीवाला भाकर खाऊन मोजून गेला, असं थोरल्यानं चावडीवर सांगितलं. ते ऐकून धाकट्याला राग आला आणि रागाच्या भरात त्यानं आंबा तोडला. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं, बोलणं-चालणं, सोयरसुतक सगळं बंद.

"माप खरं होतं सर. पण माप घेणारा मी खोटा दिसलो. एकाच टोकाला उभा राहिलो ना. तिकडून कसं दिसत असंल, ते पाहिलंच न्हाई." त्यांनी रुमालाचं टोक सारखं केलं. "तुमच्या पुस्तकात असं कुठं हाय का? मध्यस्थ चुकला अन् मागून समोरच्याच्या दारात जाऊन चुकलं म्हणला. मंग पुढं काय झालं? हाय का एखाद्या देशाचं?"

मला माहीत नव्हतं. 'मला माहीत नाही, शोधून सांगतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण सतरा उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे आल्या, टपरीवरचा घोळका आला, आणि मी म्हणालो, "ते अभ्यासक्रमात नाही."

"बरं सर," ते म्हणाले. "एकदा चलता का त्या बांधावर? तुम्ही पाहिलं तं तुम्हाला काही सुचंल."

"माझी बस चुकते हो."

बस लागली होतीच. मी चढलो. ते खाली उभे राहिले, बस हलेपर्यंत.

जानेवारीत लघुप्रबंधाचे विषय ठरवायचे होते. त्यांनी एका कागदावर विषय लिहून आणला. अक्षर नकाशावरच्यासारखं, सरळ आणि बारीक. 'मोजणीनंतरची शांतता: काही बांधांचा अभ्यास.' आपण मोजलेल्या बांधांवर पुन्हा जायचं आणि दोन्ही बाजूंना विचारायचं, की रेघ मिळाली, मग शांतता मिळाली का. मी तो कागद दोनदा वाचला. बावीस वर्षांत माझ्या हाताखाली इतका चांगला विषय कोणी आणला नव्हता. मलाही सुचला नव्हता.

"हे आंतरराष्ट्रीय राजकारणात बसत नाही," मी म्हणालो.

"थोडं तं बसंल सर?"

"नाही बसत. शस्त्रनियंत्रण करारांवर लिहा. ग्रंथालयात भरपूर पुस्तकं आहेत."

त्यांनी कागदाची घडी केली. खिशात ठेवताना एकदा माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. "तुमची परवानगी न्हाई तं न्हाई सर," ते म्हणाले.

त्यांनी शस्त्रनियंत्रणावर ऐंशी पानं लिहिली. रोज ग्रंथालयात बसून, पट्टीनं समास आखून. एकही चूक नव्हती आणि एकही जिवंत वाक्य नव्हतं. मी ती पानं वाचत गेलो आणि मला आधी बरं वाटलं, नंतर बरं वाटेना. तोंडी परीक्षेला लातूरहून बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी पानं चाळून विचारलं, "ठीक आहे, पण यात तुमचं स्वतःचं काय?"

"माझं काही न्हाई साहेब. समदं पुस्तकातलं हाय."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगू शकलो असतो, की यांनी दुसरा विषय आणला होता, तो मी नाकारला. शेजारी बसून मी चहात बिस्किट बुडवत राहिलो. ते काही बोलणार नाहीत याची मला खात्री होती आणि ते बोलले नाहीत. दुसऱ्या श्रेणीत पास झाले.

निकालानंतर पेढे घेऊन आले. "तुमच्यामुळं झालं सर," म्हणाले आणि मी उठायच्या आत वाकून पायाला हात लावला. दहा वर्षांनी मोठा माणूस. मागं सरायला हवं होतं. मी सरलो नाही, आणि का सरलो नाही याचं खरं उत्तर असं, की क्षणभर मला आवडलं.

त्यानंतर ते दिसले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात उदगीरला लेकीकडे गेले, तिथं दुखण्याचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेले. मला हे टपरीवाल्याकडून कळलं. मिरचीच्या दुकानाची मुलगी, बाकीची मुलं, सगळी उदगीरला जाऊन आली होती. मला कोणी कळवलं नव्हतं. त्यांच्या जाण्याचं दुःख करावं, की मला कोणी सांगितलं नाही याचा राग धरावा, हेच आधी ठरेना. गेल्यावरही माणूस माझ्या पुढेच होता.

जूनमध्ये नवा वर्ग आला. एका तासाला मी फळ्यावर तीच दोन वर्तुळं काढली, खाली बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि काय वाटलं कोण जाणे, खडू ठेवून मागच्या भिंतीपाशी गेलो. पाठ टेकवली. मुलं माना वळवून बघत होती. डावा डोळा मिटला. वर्तुळं दिसत होती. चार ओळींमधलं एकही अक्षर लागत नव्हतं.

मी दोन्ही डोळे उघडले, तरी लागेना. शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "तुला वाचता येतंय का?" तो म्हणाला, "न्हाई सर." म्हटलं, "मग सांगितलं का नाही?" तो वहीत बघू लागला. तेव्हा मला आठवलं. मामा परत येऊन बाकावर बसले की माझं वाक्य पुन्हा एकदा, मोठ्यानं, त्यांच्या भाषेत म्हणायचे. मला वाटायचं, माझ्यावर कुरघोडी करतात. मागच्या बाकापर्यंत माझं काहीच पोचत नव्हतं, ते मामा पोचवत होते. टोपणं तेव्हा निघायची.

त्या शनिवारी मी नांदेडची बस मुद्दाम सोडली आणि मांजरेकाठच्या गावाला गेलो.

थोरल्याचं घर शेतातच होतं. सत्तरीचा माणूस ओसरीवर सुतळी वळत बसला होता. मी नमस्कार केला, म्हटलं बिलोलीहून आलो, कॉलेजात शिकवतो. त्यांनी सुतळी खाली ठेवली.

"मोजणीवाल्याचे सर का?"

मी हो म्हणालो.

"लई उशीर केला सर. दीड वर्ष झालं वाट बघून राहिलो." ते आत वळून ओरडले, "अगं, ते सर आलेत!"

मग त्यांनी सांगितलं. मामा दिवाळीनंतर तीनदा आले होते. म्हणजे बसस्टँडवरच्या त्या दुपारनंतर लगेच. पहिल्या खेपेला थोरल्यानं दार लावून घेतलं. दुसऱ्या खेपेला दार उघडं ठेवलं, पण बोलले नाहीत. तिसऱ्या खेपेला मामा ओसरीवर टेकले आणि म्हणाले, पाणी द्या.

"म्हणले, दगड बरोबर हाय, तो मी बदलणार न्हाई. पण तुमचं पाणी न घेता मोजली अन् त्याची भाकर खाऊन मोजली, ते चुकलं माझं. मी म्हणलो, एवढंच तवा बोलला असता तं दगड मानला असता की मी! मंग त्याइनं पाणी पेलं. दोन तांबे पेले. पलीकडं जाऊन धाकट्याला बी सांगितलं म्हणे, की माझी चूक झाली." थोरल्यानं बांधापलीकडे बघितलं. "मी इचारलं, आता आम्ही काय करावं? तं म्हणले, ते मला न्हाई येत. माझे सर हायत, समद्या जगाची भांडणं त्याइला पाठ हायत. हेच लिव्हायचा इचार हाय. सरांची परवानगी मिळाली की त्याइला घेऊनच येतो. अन् मंग आलेच न्हाई." ते माझ्याकडे वळले. "परवानगी मिळाली न्हाई का?"

बावीस वर्षं मी वर्गात बोलतो आहे. कोणी काही विचारलं की मला काही ना काही सुचतंच. त्या दिवशी खरं तेवढंच सुचलं.

"मी नाही दिली," मी म्हणालो. "मामांची काही चूक नव्हती. मला त्यांचा हेवा वाटायचा."

माझ्या तोंडून मामा हा शब्द निघाला, तोही मामा नसताना. थोरल्यानं मान हलवली. हेवा काय असतो ते त्या माणसाला मी शिकवायची गरज नव्हती. "ते कसे हायत आता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसले. आतून म्हातारीनं तांब्या आणून दिला. मी सगळा प्यालो.

मग उठलो आणि बांधाकडे निघालो. हद्दीचा दगड जागेवर होता. शेजारी आंब्याचा बुडखा होता आणि त्यावर कोणीतरी टॉवेल वाळत टाकला होता. पलीकडे धाकटा भाऊ विळा हातात धरून कधीपासून उभा होता. मी बांध ओलांडला, नमस्कार केला आणि म्हटलं, "पाणी मिळेल का?"

त्यानं मातीच्या घागरीतून पाणी ओतून दिलं. पोट भरलेलं होतं तरी मी प्यालो. त्यानं मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावरून तो पलीकडच्या ओसरीकडे बघत होता. पेला परत घेताना हळूच म्हणाला, "भाऊ काय म्हणला?"

थोरला काय म्हणाला होता? दगड मानला असता, म्हणाला होता. पण ते मामांना म्हणाला होता. हे आता याला सांगायचं का, कसं सांगायचं, आधी थोरल्याला विचारायला नको का, हे माझ्या एकाही टिपणवहीत नव्हतं. ज्यांच्याबरोबर ते शोधता आलं असतं, ते शेजारी रुमाल पसरून बसले होते तेव्हा मला बसची घाई होती.

मी मागं वळून बघितलं. ओसरीवर थोरला उठून उभा राहिला होता.

"थांबा जरा," मी धाकट्याला म्हणालो. "तिकडे विचारून येतो."

आणि मी पुन्हा बांध ओलांडला.